एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधील निबंधवाचन व मुंबईतील मुलींच्या शाळा

महाविद्यालयीन व्याख्यानांचा इतिहास बहुधा वक्त्यांच्या नामावलीच्या रूपाने लिहिला जातो. कोण आले, कोणत्या विषयावर बोलले आणि अध्यक्षस्थानी कोण होते, एवढी नोंद झाली की तो पुरा झाला असे समजतात. व्याख्यान संपल्यावर श्रोत्यांनी काय केले, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधील एका सभेविषयी या प्रश्नाचे निश्चित उत्तर देता येते.

इ. स. १८४८ च्या जून महिन्यात प्राध्यापक पॅटन यांच्या प्रोत्साहनाने तेथे ‘स्टूडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापन झाली. संस्थेतील विद्यार्थी व दादाभाई नवरोजींसारखे तरुण अध्यापक तिचे सभासद होते. वाङ्मयीन, शास्त्रीय व सामाजिक विषयांवर निबंध वाचावा व त्यावर चर्चा करावी, असा तिचा क्रम असे. परंतु हा व्यवहार इंग्रजीत चालल्यामुळे त्याचा लाभ इंग्रजी जाणणाऱ्या मूठभरांपुरताच राहिला असता. ही उणीव भरून काढण्याचे काम सभेच्या मराठी व गुजराती शाखांनी केले. मराठी ज्ञानप्रसारक सभेचे अध्यक्षपद दादोबा पांडुरंगांकडे होते, आणि १८५० पासून ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक निघू लागले. इंग्रजीतून आत्मसात केलेला विषय स्वभाषेत मांडता येतो की नाही, ही निबंधकाराची दुसरी व अधिक अवघड परीक्षा होती.

तिसरी परीक्षा १८४९ मध्ये आली. त्या वर्षी बेहरामजी गांधी यांनी स्त्रीशिक्षणावर निबंध वाचला. विषय सर्वांस पटला. पण पटण्यावर सभासद थांबले नाहीत. मुलींना आपणच शिकवावयाचे, असे त्यांनी ठरविले. आपले नित्याचे काम सुरू होण्यापूर्वी, सकाळच्या वेळी, विनावेतन शिकविण्यास ते तयार झाले. दादाभाईंनी पुढे सांगितलेल्या आठवणींवरून या कार्यातील अडचणींची कल्पना येते. मुली मिळविण्यासाठी घरोघर हिंडावे लागे; कोणी शिकविण्यास आपली ओसरी देई, तर कोणी या तरुणांस जिन्यावरून खाली लोटावयास निघे. अशा स्थितीत ४४ पारशी व २४ हिंदू मुलींना घेऊन या शाळा सुरू झाल्या. पुढे कामा कुटुंबाने पारशी शाळांस द्रव्यसाह्य केले, व जगन्नाथ शंकरशेट यांनी हिंदू मुलींच्या शाळेस आश्रय दिला.

या प्रयत्नास आद्यत्वाचा मान देता येत नाही. मुंबईत अमेरिकन मिशनऱ्यांनी १८२४ मध्येच मुलींची शाळा काढली होती, आणि पुण्यात १८४८ मध्ये जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी त्याहून कठोर विरोध पतकरून हे कार्य आरंभिले होते. एल्फिन्स्टनच्या तरुणांचे वैशिष्ट्य निराळे आहे. त्यांना सभागृह, श्रोते व मान्यता ही सर्व सहज उपलब्ध होती. निबंध वाचून व चर्चा करून ते घरी गेले असते, तरी त्यांना कोणी दोष दिला नसता.

महाविद्यालयीन व्याख्यानाचे मोल ठरविताना हा दाखला विसरता येत नाही. वक्त्याची विद्वत्ता व श्रोत्यांची उपस्थिती ही व्याख्यानाची केवळ पूर्वतयारी होय. एल्फिन्स्टनमधील त्या निबंधाचा खरा उत्तरार्ध सभागृहाबाहेर, परक्यांच्या ओसरीवर, अडुसष्ट मुलींसमोर वाचला गेला.