वाचली जाणारी वचने, गाळली जाणारी वचने

धर्मसंहितेच्या अर्थनिर्णयनाची चर्चा बहुधा भाष्यकारापासून सुरू होते. परंतु संहिता भाष्यकाराच्या वा श्रोत्याच्या वाट्याला येण्याआधीच तिच्यावर दोन संस्कार होऊन गेलेले असतात. भाषांतरकाराने मूळ शब्दासाठी आपल्या भाषेतला एक शब्द निवडून बाकीचे बाजूला ठेवलेले असतात; आणि कोणता उतारा सभेत वाचावा, तो कोठे सुरू होऊन कोठे थांबावा, हे उपासनाव्यवस्थेने ठरवलेले असते. स्त्रीचे स्थान आणि समलिंगी संबंध या दोन प्रश्नांवर ख्रिस्ती समाजात ‘बायबल काय सांगते’ असा जो दाखला दिला जातो, त्यातले बायबल पुष्कळदा या दोन संस्कारांतून निघालेले बायबल असते. मराठीपुरता हा विचार करू लागल्यास वसईतील नंदाखाल हे गाव सहजच समोर येते.

नंदाखाल हे कुपारी ख्रिस्ती समाजाचे गाव. घरात कादोडी बोली, चर्चमध्ये प्रमाण मराठी, असा येथला भाषाव्यवहार. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत (१९६२–६५) मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. त्यानंतर ती मराठीत आली आणि बायबलचे उतारे भाविकांच्या कानांवर नियमाने पडू लागले. ‘सुबोध बायबल’ (२०१०) सिद्ध करणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२–२०२४) याच गावचे. त्यांच्या या कार्याला २०१३ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. म्हणजे संपूर्ण, वाचनीय मराठी बायबल येथे घरात उपलब्ध आहे. तरीही सामान्य भाविकाचे बायबल हे वाचलेले नसून ऐकलेले असते, आणि ऐकण्याची मर्यादा १९६९ मध्ये रोमहून जाहीर झालेल्या वाचनग्रंथाने आखून दिलेली आहे. रविवारच्या वाचनांचे चक्र तीन वर्षांचे, आठवड्यातील इतर दिवसांचे दोन वर्षांचे.

या चक्रात दर तीन वर्षांनी नोव्हेंबरमध्ये, सामान्य काळाच्या तेहेतिसाव्या रविवारी, नीतिसूत्रांच्या ३१व्या अध्यायातील सद्गुणी स्त्रीचे वर्णन वाचले जाते. मूळ वर्णन बावीस ओव्यांचे आहे (३१:१०–३१). वाचनग्रंथाने त्यातल्या १० ते १३, १९–२० आणि ३०–३१ एवढ्याच ठेवल्या. पतीचा तिच्यावर विश्वास आहे, ती लोकर व ताग हाताळते, चाती फिरवते, गरिबाला हात देते, देवाचे भय बाळगते, हे सारे राहिले. गळाले ते असे : ती शेत पाहून पारखून विकत घेते आणि स्वकमाईतून द्राक्षमळा लावते (१६), आपला व्यापार किफायतीचा आहे हे ती जाणते (१८), वस्त्रे विणून विकते (२४), तिच्या मुखातून शहाणपण निघते (२६). शेवटच्या ओवीत तिच्या कृत्यांची वेशीवर प्रशंसा होवो असे म्हटले आहे खरे, पण ती कृत्ये कोणती हे श्रोत्यांना कळावे कसे? जी उरली ती घरातली आहेत.

वसईच्या वाडीत ही काटछाट विशेष जाणवते. भाजी आणि फुले पहाटेच्या लोकलने मुंबईच्या बाजारात नेणे, भाव ठरवणे, पैसा घरी आणणे हे काम येथल्या स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या केले. नीतिसूत्रांतील मळा लावणारी, माल विकणारी स्त्री त्यांना परकी वाटण्याचे कारणच नव्हते. जिच्यात त्यांना स्वतःचे जगणे ओळखू आले असते, नेमकी तीच वाचनातून वगळली गेली.

हा एखाद्याचा कावा होता असे म्हणण्याचे कारण नाही. लांब उतारे तोकडे करणे ही उपासनेची गरज आहे. मात्र कात्री एकाच बाजूला वारंवार वळते, तेव्हा ती निव्वळ सोयीची राहत नाही. निर्गमच्या पहिल्या अध्यायातून ८ ते १४ या ओव्यांनंतर थेट २२वी वाचली जाते. मधल्या ओव्यांतील शिफ्रा व पुवा या फारोची आज्ञा मोडणाऱ्या सुइणी नाहीशा होतात. रोमकरांस पत्राच्या १६व्या अध्यायाचे वाचन तिसऱ्या ओवीपासून सुरू होते. पहिल्या दोन ओव्यांतील फिबी बाहेर राहते. ईस्टरच्या दिवसाचे शुभवर्तमान योहान २०:१–९ येथे थांबते. पुनरुत्थित ख्रिस्ताला प्रथम भेटणाऱ्या मग्दालीया मरीयेचा प्रसंग मंगळवारी येतो, आणि मंगळवारी चर्चमध्ये माणसे ती किती असतात?

फिबीचे उदाहरण भाषांतराकडेही नेते. तिच्यासाठी पौलाने वापरलेला ‘दियाकोनोस’ हाच शब्द फिलिप्पैकरांस पत्राच्या प्रारंभी आहे. १६११च्या इंग्रजी भाषांतरात तेथे तो अधिकारपद होतो, फिबीच्या बाबतीत मात्र चाकरीवर उतरतो. त्याच अध्यायातील युनिया (१६:७) प्रेषितांमध्ये नामांकित म्हटलेली स्त्री. १९४६च्या सुधारित इंग्रजी आवृत्तीने तिला पुरुष केले आणि १९८९च्या आवृत्तीने पुन्हा स्त्री.

मराठीत या प्रश्नाची धार प्रथम पंडिता रमाबाईंना जाणवली. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यानंतर दोनच वर्षांनी, त्या चेल्टनहॅमला असताना, त्यांनी तरुण पुरुषांना शिकवण्याची कल्पना पुढे आली. मुंबई व लाहोरच्या बिशपांनी तिला हरकत घेतली. आपल्या वडिलांनी वा पतीने ज्यास कधी हरकत घेतली नाही त्यास इंग्रजांनी घ्यावी, याचे रमाबाईंना आश्चर्य वाटले आणि ते त्यांनी पत्रातून स्पष्ट कळवलेही. पुढे त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या व मुळातून बायबल मराठीत आणण्याला आयुष्याची अखेरची वर्षे दिली. ते संपूर्ण भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनने प्रसिद्ध केले. दुसऱ्याने निवडून दिलेल्या वचनांवर विसंबायचे नाही, या वृत्तीचे इतके कष्टसाध्य उदाहरण मराठी वाङ्मयात विरळाच.

समलिंगी संबंधांच्या बाबतीत प्रक्रिया उलट घडली. तेथे गाळले गेले कमी आणि भरले गेले अधिक. पहिल्या करिंथकरांस पत्रातील (६:९) ‘मालाकोइ’ आणि ‘आर्सेनोकोइताइ’ या दोन शब्दांचा नेमका अर्थ अभ्यासकांत वादग्रस्त आहे. १९४६च्या त्याच इंग्रजी आवृत्तीने दोहोंसाठी मिळून ‘होमोसेक्शुअल’ ही एकच संज्ञा घातली. ही संज्ञा १८६९ मध्ये जर्मन भाषेत प्रथम छापली गेली. पहिल्या शतकातील कृत्याचा निषेध अशा रीतीने एकोणिसाव्या शतकातील एका मानवी वर्गाचा निषेध झाला. १९७१ मध्ये तो शब्द बदलला, पण तोवर तो प्रवचनांत रुजला होता. त्याच यादीत लगेच पुढे लोभी माणूस आहे. वसईच्या जमिनी बिल्डरांच्या घशात जात असताना, हरित वसईच्या लढ्याच्या काळात, यादीतला हा दुसरा पापी गावाला पुष्कळ जवळचा होता; मात्र लोभी माणसांचा वेगळा वर्ग कल्पून त्यांना कोणी वाळीत टाकले नाही. सदोमचेही तेच. यहेज्केलाने (१६:४९) तिचे पाप म्हणून गर्व, सुबत्ता आणि दरिद्र्यांकडे पाठ फिरवणे यांची नावे घेतली. परंपरेने लक्षात ठेवले ते दुसरेच.

रोमकरांस पत्रातील ‘निसर्गाविरुद्ध’ हा शब्दप्रयोग (१:२६) या वादाचा कणा मानला जातो. १८६०च्या दंडसंहितेतील ३७७व्या कलमाची भाषा त्याच घराण्यातली. प्रौढांच्या परस्परसंमत संबंधांना सर्वोच्च न्यायालयाने त्यातून २०१८ मध्ये वगळले. पौलाने हाच ग्रीक शब्दप्रयोग त्याच पत्रात आणखी एकदा केला आहे (११:२४). रानटी ऑलिव्हची फांदी बागेतल्या झाडावर ‘निसर्गाविरुद्ध’ कलम केली, असे तो म्हणतो, आणि कलम करणारा तेथे खुद्द देव आहे. बागायतदारांच्या गावाला हा दृष्टान्त समजावून सांगावा लागणार नाही. तरी पहिले वचन दाखल्यासाठी पाठ आहे आणि दुसरे केवळ यहुदी व परराष्ट्रीय यांच्या संदर्भात उरकले जाते.

चर्चच्या व्यवस्थेत हालचाल होत नाही असे नव्हे. २०१६ मध्ये मग्दालीया मरीयेच्या स्मरणदिनाला सणाचा दर्जा मिळाला. जानेवारी २०२१ मध्ये धर्मनियम बदलून वाचकाचे अधिकृत सेवापद स्त्रियांना खुले झाले. प्रत्यक्षात वेदीजवळ उभे राहून वाचणाऱ्या स्त्रिया त्याआधीही होत्याच. वाचनग्रंथातले उतारे मात्र जेथे कापले होते तेथेच आहेत. तेहेतिसाव्या रविवारी अधिकृत वाचक म्हणून उभी राहणारी स्त्रीदेखील तेराव्या ओवीनंतर एकोणिसावी वाचते.