जिजा (जिजाऊ, जिजाबाई, जिजामाता)

मराठी स्त्रीनाम. मूळ हाक 'जिजा'. बरोबरीचा मान दाखवायचा तर 'बाई' जोडतात, आईपणाचा दाखवायचा तर 'आऊ'. 'माता' हे रूप मुख्यतः पाट्यांवरचे, घरात अशी हाक कोणी मारत नाही. हिंदीतल्या 'जीजा'शी, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याशी, या नावाचा संबंध नाही.

व्यक्ती. सर्वांत ख्यात त्या सिंदखेडच्या लखुजी जाधवरावांच्या कन्या, शिवाजी महाराजांच्या मातोश्री (१२ जानेवारी १५९८ – १७ जून १६७४). राज्याभिषेकानंतर अकराव्या दिवशी रायगडाखालच्या पाचाड येथे त्यांचे निधन झाले. समाधी तेथेच आहे. देहूच्या तुकोबांची दुसरी पत्नी जिजाबाई. तिला लोक 'आवली' म्हणूनच ओळखतात. भाकरी घेऊन डोंगर चढताना तिच्या पायात काटा रुतला आणि तो विठ्ठलाने काढला, अशी आख्यायिका आहे. कीर्तनकार तिला कजाग रंगवतात. उपाशी पोरे सांभाळणारीचे बोलणे गोड कुठून असणार? तिसऱ्या, कोल्हापूरच्या दुसऱ्या संभाजीराजांच्या राणी. राजे १७६० साली वारल्यावर त्यांनी दत्तक घेऊन १७७३ मधील मृत्यूपर्यंत कारभार पाहिला. या जिजाबाई मात्र कोल्हापूरबाहेर फारशा कोणाला ठाऊक नाहीत.

स्थळे व संस्था. येथे सगळीकडे सिंदखेडच्याच जिजाऊ. मुंबईत त्या दोनदा व्हिक्टोरिया राणीच्या जागी आल्या. भायखळ्याच्या व्हिक्टोरिया गार्डनचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान झाले. बोलीतली 'राणीची बाग' तशीच राहिली. १८८७ साली स्थापन झालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटचे १९९७ मध्ये 'वीरमाता जिजाबाई' झाले आणि व्हीजेटीआय ही आद्याक्षरे जशीच्या तशी टिकली. कागदोपत्री इतके चपखल नामांतर क्वचितच सापडेल.

बुलढाणा जिल्हा हे या नावाचे माहेर. सिंदखेड राजाच्या राजवाड्यात जन्मस्थान दाखवतात. दर १२ जानेवारीला तेथे 'जय जिजाऊ'चा गजर होतो. बुलढाण्यात जिजामाता महाविद्यालय आहे. सिंदखेड राजाहून मेहकरकडे निघाले की किनगाव राजा आणि पुढे दुसरबीड लागते. या दुसरबीडचा सहकारी साखर कारखानाही जिजामातांच्याच नावाचा. पुढे तो बंद पडला.