पाटीच्या डोंगरावरची रेड वाईन

वाईनवर लिहिणाऱ्यांची भाषा हा एक स्वतंत्र विनोदाचा विषय आहे. ओली माती, चामडं, तंबाखू, पेन्सिलीचं शिसं... एका ग्लासात माणसाने काय काय शोधावं! स्पेनच्या ईशान्येला कॅटलोनियात प्रिओरात नावाचा डोंगराळ भाग आहे. तिथल्या रेड वाईनबद्दल वाचलंत तर 'दगड' हा शब्द हमखास भेटेल. वाईन गडद, जवळजवळ शाईसारखी, अल्कोहोल १५ टक्क्यांच्या आसपास, आणि चवीत म्हणे तिथला खडक उतरलेला. डोंगराने आपला स्वभाव वाईनला दिला, असं सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं इतिहासात आहे.

आधी खडकाचं बघू. इथला दगड म्हणजे आपण लहानपणी ज्यावर मुळाक्षरं गिरवली तो पाटीचा दगड, मधूनमधून अभ्रकाने चमकणारा. स्थानिक लोक त्याला 'यिकोरेया' म्हणतात. वर मातीचा थर जेमतेम अर्धा मीटर, तोही अन्नद्रव्यांच्या बाबतीत कंगाल. पण दगडाला उभ्या भेगा आहेत आणि पाण्याच्या शोधात वेलीची मुळं त्यातून खोल उतरतात. अशा वेलीला घोस कमी लागतात, मणी बारीक राहतात. बारीक मण्यात रसाच्या मानाने साल जास्त, आणि रंग आणि टॅनिन येतात ते मुख्यतः सालीतून. उन्हाळा कडक, त्यामुळे साखर भरपूर. एक टक्का अल्कोहोल तयार व्हायला लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखर लागते, म्हणजे १५ टक्क्यांसाठी अडीचशे ग्रॅमच्या वर!

मात्र दगड स्वतः चवीत उतरत नाही. मुळं पाण्यात विरघळलेले पोटॅशियम, कॅल्शियमसारखे आयन घेतात. खडकाची चव शोषून ती द्राक्षात पोचवणारी कुठलीही नळी वेलीत नाही. डोंगर करतो ते इतकंच, की वेलीला उपाशी ठेवतो. पण उपाशी राहणारा वेल तिथे लावला कोणी, आणि टिकवला कोणी?

लावण्याचं श्रेय कार्थुसियन संन्याशांना देतात. मोन्सांत डोंगराच्या पायथ्याशी ११९४ मध्ये त्यांनी 'स्काला देई' नावाचा मठ स्थापन केला. नावाचा अर्थ देवाची शिडी. एका मेंढपाळाला पाइनच्या झाडावरून शिडीने स्वर्गात जाणारे देवदूत दिसले अशी दंतकथा आहे. मठाचा प्रमुख तो 'प्रायर', आणि त्याच्या ताब्यातला मुलूख तो प्रिओरात. म्हणजे प्रदेशाचं नावच मुळात सत्तेचं नाव आहे. संन्याशांनी द्राक्षशेती शिकवली हे खरं, पण आजूबाजूच्या गावांकडून धान्याचा आणि द्राक्षांचा वाटाही त्यांनी शतकानुशतकं वसूल केला. १८३५ मध्ये स्पॅनिश सरकारने मठांच्या जमिनी जप्त केल्या, तेव्हा स्काला देई लुटला आणि जाळला गेला. त्याचे अवशेष आजही उभे आहेत. जमिनी छोट्या शेतकऱ्यांकडे गेल्या.

पुढची काही दशकं बरी गेली. फिलॉक्सेरा नावाच्या, अमेरिकेतून आलेल्या किडीने आधी फ्रान्सच्या बागा मारल्या आणि कॅटलोनियातल्या वाईनला मागणी आली. मग तीच कीड डोंगर ओलांडून इकडे पोचली आणि १८९० च्या दशकात प्रिओरातच्या मुळावर बसली (शब्दशः!). आधी इथे ५,००० हेक्टरच्या आसपास बागा होत्या असं मानतात. उपाय ठाऊक होता: अमेरिकन खुंटावर कलम करायचं. पण त्याला पैसा लागतो, आणि ट्रॅक्टर तर सोडाच, खेचरसुद्धा बिचकेल अशा उतारावर पुन्हा लागवड करायला माणसं लागतात. माणसं शहरांकडे, गिरण्यांकडे निघून गेली. १९७९ पर्यंत उरल्या होत्या ६०० हेक्टर बागा.

जे मागे राहिले त्यांनी गार्नाचा आणि कारिन्येना या जाती जगवल्या. कारिन्येनाला सपाट, सुपीक जमिनीत भरमसाट पीक येतं आणि वाईन सुमार होते, म्हणून तिची पत कमी. इथली द्राक्षं सहकारी संस्थेत जायची, आणि गडद, जोरकस वाईन बऱ्याचदा ठोक भावात, इतरांच्या फिक्या वाईनमध्ये मिसळायला विकली जायची. १९५४ मध्ये प्रदेशाला अधिकृत नामांकन मिळालं, तेही कसं? नियामक मंडळाची कचेरी प्रिओरातमध्ये नव्हतीच, ती तीसेक किलोमीटरवरच्या रेउस शहरात!

१९७९ मध्ये रने बार्बिए याने इथे जमीन घेतली. मग आल्बारो पालासिओस, डाफ्ने ग्लोरियां, होसे लुईस पेरेझ, कार्लेस पास्त्राना वगैरे मंडळी जमली. १९८९ मध्ये त्यांनी ग्रातायोप्स गावात एकाच ठिकाणी द्राक्षं एकत्र करून एकच वाईन बनवली आणि ती पाच वेगवेगळ्या लेबलांनी विकली! तीन वर्षांनी, १९९२ पासून, प्रत्येकाची चूल वेगळी झाली. २००० मध्ये कॅटलोनियाच्या सरकारने प्रिओरातला सर्वोच्च दर्जा दिला आणि २००९ मध्ये स्पेनने त्यावर शिक्कामोर्तब केलं. हा मान त्याआधी फक्त रिओहाला होता.

यातली मला सर्वात रोचक वाटणारी गोष्ट अशी. या नव्या मंडळींनी सुरुवातीला काबर्ने सोविन्यों, सिरा, मेर्लो अशा फ्रेंच जाती मोठ्या हौसेने लावल्या, कारण उत्तम रेड वाईन म्हणजे फ्रेंच जात असा तेव्हाचा समज होता. पुढे हळूहळू लक्ष वळलं ते म्हाताऱ्या गार्नाचा आणि कारिन्येनाकडे. ज्या वेलींकडे गरिबांचं पीक म्हणून पाहिलं जायचं, त्यांचीच वाईन सर्वात महाग ठरली. आणि हे म्हातारे वेल शाबूत राहिले कशामुळे? ते उपटून नवीन लावायला कोणाकडे पैसा नव्हता म्हणून! प्रगती इथवर वेळेत पोचली असती तर ट्रॅक्टरसाठी उतार सपाट झाले असते, वेल बदलले असते, आणि आज ज्याला आपण 'डोंगराचा स्वभाव' म्हणतो तो चाखायला कोणी उरलं नसतं.

म्हणून बाटलीवर फक्त दगडाचं कौतुक वाचलं की थोडं खटकतं. दगड तर १९७९ मध्येही तिथेच होता, आणि वाईन ठोक भावात जात होती. मधली ऐंशी-नव्वद वर्षं दरवर्षी हिवाळ्यात उतारावर चढून छाटणी करणारी माणसं होती, त्यांची नावं कुठल्याही लेबलवर नाहीत. गाव सोडून लांब आलेल्या माझ्यासारख्याला तर हे जास्तच जाणवतं.

आता कसोटी पाण्याची आहे. २०२१ ते २०२४ च्या सुरुवातीपर्यंत कॅटलोनियाने भीषण दुष्काळ पाहिला. उपाशी वेल चांगली वाईन देतो हे खरं, पण उपाशी ठेवण्यालाही मर्यादा असते. खोल मुळांचे जुने वेल अशा वर्षी कोवळ्या वेलींपेक्षा जास्त तग धरतात. म्हणजे पुन्हा एकदा भिस्त आहे ती मागे राहिलेल्यांवरच.