हरणाऱ्याची उमेदवारी

विजयाची आशा नसताना उमेदवाराने माघार का घेऊ नये? उत्तरासाठी आपण १९७२ सालच्या अमेरिकेत जाऊ.

शर्ली चिझम या तेथील प्रतिनिधिगृहात १९६८ साली निवडून आलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. वडील कारखान्यात मजूर, आई शिवणकाम करणारी. जानेवारी १९७२ मध्ये त्यांनी डेमोक्रॅटिक पक्षाकडे अध्यक्षपदाची उमेदवारी मागितली. गाठीला पैसा नव्हता. मत वाया जाईल म्हणून स्वकीय पुढाऱ्यांनीही हात आखडता घेतला. दूरचित्रवाणीवरील वादसभांतून वगळले, तेव्हा बाईंनी दाद मागून वेळ मिळविला. पण रिंगण सोडले नाही.

जुलैत मायामी बीचच्या अधिवेशनात मॅकगव्हर्न जिंकले. चिझमबाईंना १५२ मते पडली. त्यांतली काही हम्फ्री यांनी मोकळ्या केलेल्या प्रतिनिधींची होती, हे खरे. परंतु बाई उभ्याच नसत्या तर ती त्यांच्या नावावर पडती कशी? आणि ज्यांच्यासाठी मत वाचवायचे, त्या मॅकगव्हर्न यांना नोव्हेंबरात पन्नासांपैकी एकच राज्य मिळाले!

कामगार संघटनेत आयुष्य गेलेल्या मला हा हिशेब ओळखीचा वाटतो. मालक नाराजी ऐकत नाही, तो सभासद मोजतो. वाटाघाटीला बसायचे तर आधी आपली मोजदाद व्हावी लागते.

बाईंना अध्यक्षपद मिळाले नाही. मात्र १९७४ साली घरकाम करणाऱ्या स्त्रिया किमान वेतनाच्या कायद्याखाली आल्या, आणि त्यासाठी झटणाऱ्यांत चिझमबाई होत्या. पराभवानंतरही काम उरते, ते असे.