नेत्रबिंदू : औषधाचा डोळ्यातील प्रवेश

डोळ्यात टाकलेल्या औषधापैकी बहुधा ५ टक्क्यांहून कमी अंश डोळ्याच्या आत पोहोचतो. बाटलीतून पडणारा थेंब ३० ते ५० मायक्रोलिटरचा असतो. पापणीआड अश्रू धरून मावते जेमतेम ३० मायक्रोलिटर. बाकीचे गालावर ओघळते किंवा अश्रुमार्गाने नाकात उतरते (घशाशी येणारी कडवट चव त्याचीच) आणि तेथून रक्तात जाते. काचबिंदूवरील टिमोलॉलने दमेकऱ्याला धाप लागते ती यामुळे. थेंबानंतर डोळा मिटून नाकाकडचा कोपरा दोन-तीन मिनिटे दाबावा. दुसरे औषध पाच मिनिटांनी टाकावे. एकदम दोन थेंब टाकून दुप्पट औषध आत जात नाही.

प्रवेशमार्ग : मुख्य वाट कॉर्नियातून, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पटलातून. त्याचा बाह्यस्तर स्निग्ध, पेशींचे जोड घट्ट. मधला जाड थर पाणीदार. त्यामुळे स्निग्ध व जलीय दोन्ही माध्यमांत विरघळणारे रेणू सहज पार होतात. प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचे अ‍ॅसिटेट रूप अखंड कॉर्नियातून फॉस्फेटपेक्षा चांगले जाते. मात्र त्याचा साका तळाशी बसतो, बाटली न हलवणारा रुग्ण वरचे पाणीच टाकत राहतो. बेंझाल्कोनियम क्लोराइड हे परिरक्षक पेशींचे जोड सैल करून प्रवेश वाढवते.

मापन : बरेचसे आकडे सशांवरचे. ससा माणसापेक्षा फार क्वचित पापणी मिटतो, त्यामुळे ते आकडे उदार समजावेत. माणसातील नमुने सहसा मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेवेळी घेतात. तो डोळा सुजलेला नसतो, त्यामुळे सुजलेल्या डोळ्यातील प्रवेश त्यावरून कळत नाही.

बुरशीजन्य व्रण : उसाचे किंवा भाताचे पाते लागून शेतकऱ्यांना होणाऱ्या या व्रणात प्रवेशाच्या प्रश्नाची खरी कसोटी लागते. ५ टक्के नॅटामायसिन या बुरशीविरोधी औषधाचा रेणू मोठा, पाण्यात जवळजवळ न विरघळणारा. अखंड बाह्यस्तरातून ते फारसे जात नाही. त्याचा पांढरा थर खालच्या पापणीच्या खोबणीत साचलेला दिसतो. व्रण खरवडल्यास वाट थोडी मोकळी होते. व्होरिकोनाझोल हे दुसरे बुरशीविरोधी औषध याउलट पुढच्या कप्प्यातील द्रवापर्यंत सहज पोहोचते, त्यामुळे कागदावर पारडे त्याचेच जड होते. पण दक्षिण भारतातील अरविंद नेत्र रुग्णालयांत झालेल्या व २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत (३२३ रुग्ण) नॅटामायसिन सरस ठरले. फरक मुख्यतः फ्युजेरियम या बुरशीच्या रुग्णांत होता. याचे श्रेय बुरशीच्या संवेदनशीलतेला किती आणि औषध व्रणावर टिकून राहण्याला किती, याबाबत एकमत नाही. प्रवेशाच्या आकड्यावरून औषध निवडण्याची सवय मात्र अजून गेलेली नाही.

पूर्वौषधे : काचबिंदूवरील लॅटानोप्रोस्ट एस्टर रूपात देतात, कॉर्नियातील विकरे त्याचे सक्रिय आम्ल करतात.

डोळ्याचा मागील भाग : थेंबांनी औषध तेथे उपचारापुरते सहसा पोहोचत नाही, ते डोळ्यात सुईने देतात (⟶ दृष्टिपटल).