यीट्सची नाणी

विल्यम बटलर यीट्स आपल्याला परिचित आहे तो कवितेमुळे, ॲबी थिएटरमुळे आणि इंग्रजी 'गीतांजली'ला लिहिलेल्या प्रस्तावनेमुळे. आपल्या देशाच्या नाण्यांचे रूप ठरवण्यातही त्याचा मोठा वाटा होता, हे मात्र सहसा सांगितले जात नाही.

१९२२ साली आयरिश फ्री स्टेट अस्तित्वात आले, तरी व्यवहारात ब्रिटिश राजाच्या मुखवट्याचीच नाणी फिरत होती. १९२६ च्या कायद्याने स्वतःची नाणी काढण्याची वाट मोकळी झाली. अर्थमंत्री अर्नेस्ट ब्लाइथने आकृत्यांविषयी सल्ला देण्यासाठी समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद सिनेटर यीट्सकडे सोपवले. कलासमीक्षक टॉमस बॉडकिन, चित्रकार डर्मॉड ओब्रायन यांच्यासारखी मंडळी तिच्यात होती. टाकसाळीतला कुणी नव्हता.

एका बाजूला हार्प आणि आयरिश अक्षरे हे ठरलेलेच होते. प्रश्न दुसऱ्या बाजूचा होता. समितीने देशभक्तीची गुळगुळीत झालेली चिन्हे टाळली, धार्मिक चिन्हेही नाकारली आणि शेतकऱ्यांच्या देशाला साजेसे पशुपक्षी निवडले. यीट्सच्या डोळ्यांसमोर प्राचीन ग्रीक नाणी होती. हाफ-क्राउनवर घोडा, फ्लोरिनवर सामन मासा, शिलिंगवर बैल, पेनीवर पिलांसह कोंबडी, हाफपेनीवर पिलांसह डुकरीण, अशी ही माळ. देशोदेशींच्या शिल्पकारांकडून नमुने मागवले गेले. आठही नाण्यांसाठी पसंत पडले ते पर्सी मेटकाफचे काम. मेटकाफ इंग्रज होता.

येथवर समिती स्वतंत्र होती. पुढे नमुने शेतकी खात्याच्या तज्ज्ञांसमोर गेले. बैल आणि डुकरीण जातिवंत जनावरांच्या लक्षणांत बसत नाहीत, असे त्यांचे म्हणणे पडले आणि आकृत्या बदलल्या. मूळ डुकरिणीच्या गुबगुबीत गालांबरोबर तिचा मानी रुबाबही गेला, याची हळहळ यीट्सने पुढे लिहून ठेवली. पण बाजारापुढे इलाज नव्हता, हेही त्याने मिस्कीलपणे मान्य केले.

डिसेंबर १९२८ मध्ये नाणी चलनात आली आणि टीका सुरू झाली. श्रद्धाळूंना ती पाखंडी वाटली. आकृती इंग्रजाची, टाकसाळ लंडनची, मग यात आयरिश ते काय, असे राष्ट्रवाद्यांनी विचारले. हा प्रश्न अगदीच पोकळ नव्हता. पाच-सहा सुजाण माणसांच्या अभिरुचीला राष्ट्राची अभिरुची मानावे का? मला वाटते, मानू नये. पण ती अजमावून पाहण्याची संधी अवश्य द्यावी. मतदानाने नाणे ठरवले असते, तर बहुधा ओळखीचीच चिन्हे पुन्हा उमटली असती. समितीने लोकांपुढे अनोळखी गोष्ट ठेवली आणि निवाडा काळावर सोडला.

काळाने तो दिला. १९७१ च्या दशमान पद्धतीत डुकरीण आणि कोंबडी गेली. बैल आणि सामन मात्र २००२ मध्ये युरो येईपर्यंत आयरिश माणसाच्या खिशात राहिले.