शाफ्ट्सबरी

इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यातील डोंगरमाथ्यावरचे एक ऐतिहासिक गाव. लोकसंख्या सुमारे ९,०००. सॉल्झबरीच्या पश्चिमेस सुमारे ३० किमी. अंतरावर, वालुकाश्माच्या एका सोंडेवर समुद्रसपाटीपासून अंदाजे २१५ मी. उंचीवर ते वसले आहे. दक्षिणेला ब्लॅकमोर व्हेलचे हिरवे खोरे पसरले आहे. रेल्वे वर गावापर्यंत कधी आलीच नाही. जवळचे स्थानक खाली गिलिंगहॅमला.

आल्फ्रेड राजाने नवव्या शतकात डेन लोकांच्या स्वाऱ्यांविरुद्ध येथे तटबंदीचे ठाणे उभारले आणि ८८८च्या सुमारास जोगिणींचा मठ स्थापून आपली मुलगी एथेलगिफू हिला त्याची पहिली प्रमुख केले. ९७८ मध्ये कॉर्फ येथे खून झालेल्या तरुण राजा एडवर्डच्या अस्थी पुढल्याच वर्षी या मठात आणल्या गेल्या. त्याला संतपद मिळाले, यात्रेकरूंची रीघ लागली आणि मठाला अमाप जमिनी मिळाल्या. ग्लास्टनबरीच्या मठाधिपतीने शाफ्ट्सबरीच्या मठाधिपतिणीशी लग्न केले, तर त्यांचा वारस राजापेक्षाही मोठा जमीनदार होईल, असे लोक गमतीने म्हणत. कनूट राजा १०३५ मध्ये येथेच वारला. १५३९ मध्ये आठव्या हेन्रीच्या अमलात मठ बरखास्त झाला आणि वास्तू पाडली गेली. आज तेथे बागेत जोत्याचे दगड तेवढे उरले आहेत. एडवर्डच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अस्थी १९३१च्या उत्खननात सापडल्या. त्या आता सरे परगण्यातील ब्रुकवुडच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये आहेत.

उंचीमुळे गावाला संरक्षण मिळाले, पण पाणी मिळाले नाही. शतकानुशतके ते पायथ्याच्या एन्मोर ग्रीन येथील झऱ्यांवरून घोड्यांच्या पाठीवर आणि माणसांच्या डोक्यावर चढवावे लागे, आणि पाणी विकत घ्यावे लागे. झरे गिलिंगहॅमच्या जमीनदारीत असल्यामुळे पाणी घेण्याच्या हक्काची परतफेड म्हणून दरवर्षी मे महिन्यात गावाचा नगराध्यक्ष वाजतगाजत खाली जाई. हातमोज्यांची जोडी, वासराचे मुंडके, एक गॅलन बिअर आणि पावाच्या दोन लाद्या असा नजराणा जमीनदाराच्या कारभाऱ्याला दिला जाई. मिरवणुकीत ‘बायझंट’ नावाचे झगमगीत सजवलेले मानचिन्हही असे, ते मात्र परत आणले जाई. ही चाल १८३० मध्ये बंद पडली. बायझंट आता गोल्ड हिल संग्रहालयात पाहायला मिळते. टॉमस हार्डीने ‘ज्यूड द ऑब्स्क्युअर’ या कादंबरीत हे गाव ‘शास्टन’ नावाने रंगवले, त्यातही ही पाणीटंचाई आहे.

संसदेत दोन सभासद पाठवण्याचा हक्क गावाला १८३२ पर्यंत होता, आणि मते विकली जात हे उघड गुपित होते. १७७४च्या निवडणुकीतील प्रकार मात्र भारतीय वाचकाने मुद्दाम लक्षात ठेवावा असा. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत बंगालमध्ये गबर झालेले फ्रान्सिस साइक्स आणि टॉमस रम्बोल्ड उमेदवार होते. कळसूत्री खेळातल्या ‘पंच’चे सोंग घेतलेला एक इसम दाराच्या भोकातून मतदारांना २० गिनींची पुडकी देई, पलीकडच्या खोलीत त्यांच्याकडून एका काल्पनिक माणसाच्या नावे वचनचिठ्ठी लिहून घेतली जाई. हरलेले उमेदवार मॉर्टिमर यांनी तक्रार केली, दोघांची निवड रद्द झाली आणि १७७५ मध्ये मॉर्टिमर संसदेत बसले. रम्बोल्ड यांचे त्यात फारसे बिघडले नाही: पुढे ते मद्रासचे गव्हर्नर झाले.

गावाचा खास धंदा हाताने विणलेल्या गुंड्यांचा. सतराव्या शतकात सुरू झालेला हा घरगुती उद्योग एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर यंत्राने केलेल्या गुंड्यांपुढे मोडला. गावातल्या बहुसंख्य घरांची मालकी दीर्घकाळ एकाच उमराव घराण्याकडे होती. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस ती विकली गेली आणि १९१९ मध्ये घरे, दुकाने लिलावात एकेक करून नवीन मालकांच्या हाती आली.

गोल्ड हिल या फरसबंद उताराच्या एका कडेने खाली खाली उतरत जाणारी जुनी घरे आणि समोर मठाच्या आवाराची मानली जाणारी आधार-भिंत आहे. १९७३ मध्ये रिडली स्कॉट यांनी होव्हिस पावाच्या जाहिरातीत सायकल ढकलत उतार चढणारा मुलगा येथे चित्रित केला, मागे ड्वोर्झाकच्या ‘न्यू वर्ल्ड’ सिंफनीचे सूर होते. अनेक ब्रिटिशांचा आजही समज आहे की जाहिरातीतले ते ठिकाण उत्तरेकडचे गिरणगाव असावे. पर्यटक बहुधा तेवढा उतार पाहून परततात. गावाचा खरा इतिहास मात्र माथ्यावरच्या त्या जोत्यांत आणि खालच्या झऱ्यांत आहे.